दाखवून ये

सकाळी कॉलेजला निघालं की जिन्याच्या शेवटच्या पायरीशी गयामामी उभ्या असायच्या. हातात कपबशी, चहा बशीत ओतलेला, आणि नजर वरून उतरणाऱ्या पोरींच्या तोंडाकडे. "डोळे असे कामून गं? झोपली नाय का?" "ओठ पांढरे पडलेत. मटकी वाढली तर बाजूला सारतीस, मला काय दिसत नाय व्हय?" आम्ही त्या जागेला चेकनाका म्हणायचो. वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहणाऱ्या पोरी, खालच्या घरात मामी आणि त्यांचे यजमान नाना. नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे नाका हा शब्द त्यांनाही आवडला होता. खाली उतरायला दुसरी वाट नव्हती आणि मामींच्या नजरेतून सुटायलाही नव्हती.

तक्रार कुठलीही असो, मामींचा निकाल ठरलेला. डोकं दुखतंय? "दाखवून ये." केस गळतात? "दाखवून ये." माझ्या खोलीतल्या सुवर्णाचा मोबाईल बंद पडला आणि ती जिन्यातूनच "मामी, चालूच होत नाही हो" म्हणून ओरडली, तेव्हाही स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "मग दाखवून ये!" आम्ही हसून लोळलो. मामींना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. बिघडलेली वस्तू जाणकाराला दाखवायची, इतकं ते सरळ होतं. "मला काय कळतंय?" त्या म्हणायच्या. "मी चौथी शिकलेली बाई. पण ज्याला कळतंय त्याच्याकडं जायला पाय तर हायेत ना?"

फुलंब्रीजवळच्या आमच्या गावाहून मी पहिल्यांदा मुकुंदवाडीत आले, तेव्हा सोबत वडील होते, एक पेटी होती आणि गव्हाचं एक पोतं. रेल्वे स्टेशन इतकं जवळ की गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. मामींनी वडिलांची जात-गोत, जमीन-पाणी सगळी चौकशी केली, मग त्यांना पाण्याची टाकी बघायला नानांबरोबर गच्चीवर धाडलं. ते दिसेनासे झाले तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाळी नीट येती का?"

मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्या घरात हा शब्दच नव्हता. आई "बाजूला बसले" म्हणायची आणि तेही आजीला, माझ्याकडे न बघता. मी नुसती मान हलवली. मामी म्हणाल्या, "लाजू नको. इथं तुझी आय नाय, मी हाय. कमी-जास्त झालं तर मला सांगायचं. मला सांगू वाटत नसंल तर डॉक्टरीणबाईला सांगायचं. पण भिंतीला सांगत बसायचं नाय." तेवढ्यात वडील आणि नाना खाली उतरले. शेवटचं वाक्य नानांच्या कानावर पडलं असावं. "मी जरा चाकात हवा बघून येतो," म्हणत ते लगेच बाहेर पडले. हे पुढे मला पाठ झालं. बायकांचं काही बोलणं निघालं की नानांना त्यांच्या जुन्या लुनाच्या चाकातली हवा आठवायची. त्या लुनाइतकी हवेची काळजी शहरात दुसऱ्या कुठल्या गाडीची घेतली गेली नसेल.

मामी ठेंगण्या, अंगाने भरलेल्या. कपाळावर मोठं कुंकू, पदर कमरेला घट्ट खोचलेला. आवाज असा की स्टेशनवरच्या घोषणेला मागे सारेल. मूलबाळ नव्हतं. ते का नव्हतं हे पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

सुवर्णा पैठणकडची. तिच्या अंगावरून पांढरं जायचं. तसं ते थोडंफार सगळ्यांनाच जातं, पण तिचं वेगळं होतं, फुटक्या दह्यासारखं, आणि खाज इतकी की वर्गात बसवेना. गावाकडच्या कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की पांढरं जातं म्हणजे हाडं झिजून वाहतात. म्हणून ती पोरगी गुपचूप खारीक आणि डिंकाचे लाडू खात बसायची आणि हाडं भरून यायची वाट बघायची. आतले कपडे धुऊन टॉवेलखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवायची. ते वाळायचे नाहीत, तसेच ओलसर घालायची. मामींनी चेकनाक्यावर तिची चाल बघितली. वर आल्या, टॉवेल उचलला, खालचे सगळे कपडे गोळा केले आणि गच्चीवर भर उन्हात, रस्त्यावरून दिसतील असे तारेवर टाकले. सुवर्णा रडायला लागली. "लोक बघतील हो मामी!"

"बघू दे. त्यांच्या घरच्या बायका काय पानं गुंडाळून फिरत्यात का?" मामी म्हणाल्या. "चप्पल घाल. दाखवून येऊ. मग बसून रड."

स्टेशनच्या वाटेवर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. मीही बरोबर गेले. बाईंनी तपासलं, साधं इन्फेक्शन निघालं. आठवड्याच्या औषधात सुवर्णा खडखडीत बरी झाली. हाडं जागच्या जागी होती. बाई आम्हा दोघींना म्हणाल्या, की महिन्यातून काही दिवस पांढरं, पातळ, वास नसलेलं पाणी जाणं हा शरीराचा धर्म आहे, त्याला घाबरायचं नाही. पण रंग बदलला, हिरवट-पिवळं झालं, घाण वास आला, खाज-आग झाली, ओटीपोटात दुखून ताप आला, नाहीतर दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसलं, तर अंगावर काढायचं नाही. मामी शेजारी बसून दर वाक्याला मान हलवत होत्या. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "बघ. एवढंसं होतं. न दाखवता बसली असतीस तर खारका खाऊन मेली असतीस."

आपल्या या मामी सगळ्यांच्या बाबतीत अशा होत्या. शेजारपाजारच्या कितीतरी सुना त्यांचं बोट धरून त्या दवाखान्याची पायरी चढल्या असतील. म्हणून पुढे जे झालं ते आठवलं की मला आजही चीड येते. कोणाची ते मात्र नीट सांगता येत नाही.

एका दुपारी मामी आणि मी मेथी निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं, "मामी, तुम्ही गावाकडे नवरात्रात का जात नाही हो?" नानांच्या घराण्याची देवी गावाकडे, थोरल्या जाऊबाईंच्या घरी होती. घट तिथेच बसायचे. मामी बराच वेळ काड्या मोडत राहिल्या.

"लग्नाला वरीसच झालं होतं," त्या म्हणाल्या. "घट बसलेले. पाचव्या माळेला मला डाग दिसला. सासूला सांगायची छाती झाली नाय. म्हणलं, आजचा दिस निभावून न्यावं. माळेची फुलं मीच ओवली. दुसऱ्या दिशी सासूनं लुगडं बघितलं. सगळं घर धुवायला काढलं गं. भर लोकांत मला गोठ्यात नेऊन बसवलं. पुढं मला दिवस गेले, पोरगी झाली, ती मेलेलीच झाली. सासू म्हणली, देवीनं तिचं घेतलं. परत काय कूस उजवली नाय."

मी म्हणाले, "मामी, त्याचा याच्याशी काय संबंध? असं कुठे असतं का?"

"तुला नसंल," त्या म्हणाल्या. "मी तिची गुन्हेगार हाय. एकदा मला मोकळी होऊ दे. मग बसंन तिच्या म्होरं. मग मला कोण उठवतंय बघते."

मोकळी होणं म्हणजे पाळी जाणं. त्यांच्या घराण्यात देवी सांभाळायचा मान फक्त पाळी गेलेल्या बाईला. बाकीच्या बायका उंबऱ्याबाहेरून हात जोडणार. आमच्यापुढे इतकी सडेतोड बोलणारी ही बाई आतून त्या गोठ्यातच बसून राहिली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मेथी निवडून झाली आणि मामी भाकरी टाकायला उठल्या.

मी शेवटच्या वर्षाला असताना मामी एका सकाळी चेकनाक्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातावर पेढा. "काय झालं मामी?" "पास झाले," त्या म्हणाल्या. वर्ष उलटलं होतं, पाळी आली नव्हती. पाळी गेल्याचे पेढे वाटणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. नानांनी पेढा तोंडात टाकला, कारण ऐकलं आणि लुनाकडे गेले.

थोरल्या जाऊबाईंचे गुडघे गेले होते, त्यांना खाली बसवेना. घरात मोकळी झालेली दुसरी बाई गयामामीच. धाकटी जाऊ चंद्रकला, तिला आम्ही चंद्राकाकू म्हणायचो, ती अजून "अडकलेली" होती. तेव्हा देवी मुकुंदवाडीला आली. तांब्याचा डबा, त्यात लाल कापडात गुंडाळलेला चांदीचा टाक. जीपमधून उतरताना मामींनी डबा छातीशी असा धरला होता, जसं दवाखान्यातून लेकरू घरी आणतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाट मांडला, देवी बसली, आणि मामी तिच्यापुढे पदर पसरून किती वेळ हमसून रडत होत्या. आम्ही दारात उभ्या होतो. मलाही रडू आलं.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मामी थोड्या बदलल्या. पहिल्याच नवरात्रात त्या उंबऱ्याशी उभ्या राहून आम्हाला विचारू लागल्या, "आज कशी हायेस?" म्हणजे आत यायचं की ताट बाहेर घ्यायचं. मला राग आला. मी म्हणाले, "मामी, तुम्हीच ना गच्चीवर कपडे वाळत घातले होते?" त्या खजील झाल्या, पण बाजूला सरकल्या नाहीत. "ते माझं घर होतं," त्या म्हणाल्या. "आता हिचं हाय." चंद्राकाकू घटांना आल्या होत्या. त्या अर्थातच उंबऱ्याबाहेर बसून मामींची प्रत्येक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघत होत्या. कुठे चूक सापडली तर देवी परत गावाला न्यायला त्या एका पायावर तयार, हे मामींना पक्कं माहीत होतं.

पुढे मला चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, सिडकोत बिऱ्हाड थाटलं. सुवर्णा पैठणला गेली. मी मात्र महिन्या-दोन महिन्यांनी मामींकडे जायचे. अशाच एकदा गेले तर मामींना अत्तराचा वास. लावलं होतं म्हणण्यापेक्षा ओतलं होतं. मी नाक दाबलं. "मामी, हा काय नवा नाद?"

"सिटी चौकातून आणलं. चाचा म्हणला, गुलाब हाय, असली."

"नानांसाठी का?" मी डोळे मिचकावले. मामींनी लाटणं उगारलं आणि दोघी हसलो. नाना ओसरीवरून कुरकुरले, "आधी अत्तर, मग दिवसातून दोन आंघोळ्या. पाणी काय फुकट येतंय का?" ज्या शहरात नळाला पाण्याची वाट बघत दिवस जातात तिथे दोन आंघोळ्या ही चैनच. घरात कापूरही सारखा जळत असायचा. देवीचं घर म्हणून तो वास मला शोभूनच दिसला. चेहरा मात्र उतरला होता. "बारीक झालात मामी," म्हटलं तर म्हणाल्या, "देवीचे उपास चालूयत." पुढच्या खेपेला कमरेत लचक भरली होती, त्याच्या पुढच्या खेपेला जिन्याशी उभं राहणं बंद झालं होतं. वरच्या नव्या पोरी मोबाईलमध्ये बघत सरळ निघून जायच्या. त्यांना तिथे कोण उभं असायचं हे माहीतही नव्हतं.

त्या वर्षीच्या नवरात्रात मी आठव्या माळेला दुपारी ओटी घेऊन गेले. स्वयंपाकघरात कोपऱ्यात घट बसलेले, पत्रावळीतलं धान हातभर उगवलेलं, दिवा तेवत होता. समोर नाना, गुडघे मोडून कसेबसे बसलेले, माळेत झेंडू ओवायची खटपट करत. मामी नव्हत्या. बघते तर मोरीकडच्या बोळात, उंबऱ्यापासून लांब, पोत्यावर बसलेल्या. पाठ भिंतीला, तोंड हळदीसारखं पिवळं. मी जवळ जायला लागले तशा त्या ओरडल्या. आवाज तरी कुठे राहिला होता? "शिवू नको! ओटी विटाळंल."

"काय झालं मामी?"

"परत आली गं," त्या म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेतला. "देवीनं परत बाहेर बसवलं."

मी ओटीचं ताट खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ पोत्यावरच बसले. अत्तर होतंच, पण त्याच्या खालून दुसरा एक वास येत होता, सडका. दोन आंघोळ्या आणि कापूर कशासाठी होते ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. मी विचारलं, "कधीपासून?"

त्या हळूहळू बोलल्या. पहिला डाग मागच्या वर्षीच्या संक्रांतीच्या आधी दिसला होता. चहाच्या डागाएवढा. वाटलं, उष्णता झाली असंल. मग काही महिन्यांनी परत. मग धुणवणासारखं लालसर पाणी जाऊ लागलं, मग वास. मागचं नवरात्र त्यांनी तसंच, कापडाच्या घड्या घालून, जीव मुठीत धरून पार पाडलं. आता या खेपेला धारच लागली, तेव्हा मात्र देवीपुढे बसायचं धाडस झालं नाही, म्हणून स्वतःच उठून बोळात आल्या. नानांना एवढंच सांगितलं की माळ तुम्ही घाला.

"मामी, अहो मला का नाही सांगितलं? डॉक्टरीणबाईंना का नाही दाखवलं?" मी ओरडलेच.

"दाखवलं असतं तर कळलं असतं," मामी म्हणाल्या. "चंद्रीला कळलं असतं, गावाला कळलं असतं, गयाची पाळी परत आली. देवी नेली असती की गं माझी."

मी रिक्षा बोलवते म्हणाले तर त्यांनी माझा हात धरला. "घट उठू दे. उद्या नववी माळ, परवा दसरा. एवढं होऊ दे." मी ऐकलं नाही. पण त्या मोरीच्या चौकटीला धरून बसल्या, आणि नाना आतून, माळ हातात तशीच धरून, असल्या विषयात पहिल्यांदाच काही बोलले. "तिला उचलतो मी. रिक्षा आण." आम्ही दोघांनी मिळून त्यांना रिक्षात घातलं. जाताना त्या मागे वळून दिव्यात तेल आहे का विचारत होत्या.

डॉक्टरीणबाई आता पिकल्या होत्या. मामींना बघून त्या आधी हसल्या. कुणालातरी घेऊन आल्या असतील असं त्यांना वाटलं. तपासून झाल्यावर त्यांचं हसू गेलं. सोनोग्राफी करायला लावली, मग मोठ्या दवाखान्यात पाठवून गर्भपिशवीचा तुकडा काढून तपासायला दिला. तपासणीचा निकाल आला तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं. कॅन्सर पिशवीतून बाहेर पडला होता, वरपर्यंत गेला होता. बाई चिडून बोलल्या, आणि ती चीड दुःखाची होती. "पाळी थांबून वर्ष झालं ना, की त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी ती पाळी नसते. दर वेळी कॅन्सर निघतो असं नाही, पुष्कळदा साधंसुधंच काही निघतं, पण बघावं लागतं. पहिल्या डागाला या आल्या असत्या तर बहुधा पिशवी काढून भागलं असतं. आणि या बाईने? या बाईने मला इतक्या पेशंट आणून दिल्या!"

मामींना सगळं सांगायचं ठरलं. खाटेवर उठून बसल्या होत्या. बाईंनी समजेल अशा भाषेत सांगितलं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं. किती दिवस उरले, रेडिएशनचे शेक द्यावे लागतील का, काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला. "म्हणजे बाई, ही पाळी नव्हती?"

"नाही हो. आजार आहे हा."

"आजाराला विटाळ नसतोय ना?"

बाई म्हणाल्या, "नसतो."

"मग मी देवीपुढं बसले असते तरी चाललं असतं की," मामी म्हणाल्या. "फुकट उठले." आणि त्या रडल्या. कॅन्सरसाठी रडल्या नाहीत हो, आठवी माळ चुकली म्हणून रडल्या. मी खोलीबाहेर आले. बाहेर बाकावर नाना बसले होते, चपलेकडे बघत. त्यांना हवा बघायला जायला तिथे लुनाही नव्हती.

शेक झाले, सलाईनी झाल्या. केस गेले, तरी कुंकू तेवढंच मोठं लावायच्या. दुखणं वाढलं की दात आवळून धरायच्या. एकदा शेजारच्या खाटेवर कुणाची तरी तरणी सून आली होती, तिला मामी पडल्यापडल्या म्हणाल्या, "लाजून बसू नको बाई. पाळीच्या मधी लाल दिसलं, नवऱ्याजवळ गेल्यावर दिसलं, मधीच घाण वास सुटला, तर सासूची वाट बघू नको. दाखवून ये." मग माझ्याकडे बघून कसंनुसं हसल्या. "'दाखवून ये' असं मला कुणी म्हणलं नाय गं. सगळ्यांना वाटलं, गयाला सगळं कळतंय."

शेवटी त्यांना घरी आणलं. चैत्राचं ऊन तापलं होतं. खाट स्वयंपाकघरातच, देवीच्या कोपऱ्यासमोर टाकून घेतली. चंद्राकाकू गावाहून आल्या, आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थबकल्या. मामींनी त्यांना हाताने आत बोलावलं. "ये की. तूबी मोकळी झालीस आता, म्हाईत हाय मला. देवी तुझ्याकडंच यायची." चंद्राकाकूंनी डोळ्याला पदर लावला. मामी थांबून थांबून बोलल्या. "ने तिला. पण चंद्रे, एक कर. उंबऱ्यात उभी राहून पोरीबाळींना इचारत जाऊ नको, आज कशी हायेस म्हणून. मी इचारलं. लई चुकलं. इचारलं की बाई लपवती. मी देवीपासून लपवलं, तुझ्यापासून लपवलं, ह्यांच्यापासून लपवलं. लपवून लपवून मेले." त्यानंतर दोनच दिवस त्या होत्या. गेल्या तेव्हा सकाळची गाडी जात होती आणि फळीवरची भांडी वाजत होती.

तेराव्यानंतर देवी न्यायला जीप आली. घरातला पाट रिकामा झाला. त्याच्या मागे कोपऱ्यात अत्तराची कुपी मिळाली, तळाशी थोडं उरलेलं. मी ती उचलून पर्समध्ये टाकली. अजून उघडलेली नाही, मला तो वास सहन होत नाही. चंद्राकाकू नवी साडी नेसून, तांब्याचा डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढे बसल्या. ड्रायव्हर पानाच्या टपरीकडे गेला होता. नाना दारात उभे होते. मी खिडकीशी गेले, डब्याला हात जोडले आणि वळणार तोच काकूंनी माझं मनगट धरलं.

"वंदना," त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाई कोणत्या वारी असत्यात?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्याबी अंगावरून जातंय," त्या म्हणाल्या. "पिवळट. वास येतोय. दिवाळीपासून. आन् पाळी गेली म्हणलं तरी मधी एकदा डाग दिसला. कुणाला बोलले नाय. देवी मिळायची होती ना."

बोलता बोलता त्यांचं मागे लक्ष गेलं आणि त्यांनी झटकन डोक्यावर पदर ओढला. नाना खिडकीपाशी येऊन उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. धाकट्या भावाच्या बायकोशी ते जन्मात कधी चार शब्द बोलले नव्हते, आणि असलं बोलणं निघालं की ते जागेवर थांबत नसत. मला वाटलं, आता हे लुनाकडे जाणार.

नानांनी जीपचं दार उघडलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे तो डबा इकडं," ते म्हणाले. "देवी थांबती इथं. तू आधी दाखवून ये."